रात्री फेसाळणारा व्हाळ आणि झटपट चाचण्या: कोणत्या, कुठे, किती वाजता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या तुमच्या गावात पठारावरून एक व्हाळ, म्हणजे ओढा, उतरतो. वर कारखाने, मध्ये वस्ती आणि कुळागरे (माड-पोफळीच्या बागा), खाली मानस (भरतीचे पाणी अडवणारे दार) आणि खाजन (खाडीकाठची बांध घातलेली सखल जमीन). महिन्यातून एखाद-दुसऱ्या रात्री पाण्याला फेस आणि उग्र वास येतो, सकाळी मासे मेलेले दिसतात. तक्रार करून कोणी बाटली भरायला येईपर्यंत पाणी नितळ झालेले असते आणि अहवालात 'सर्व घटक मर्यादेत' असे लिहून येते. युवक मंडळाने वर्गणी काढून स्वतःच चाचण्या करायचे ठरवले आहे. कोणती किट घ्यावी, 'जैविक चाचणी' म्हणतात ती काय असते, आणि या झटपट चाचण्यांवर किती विसंबावे?

आधी त्या अहवालाविषयी. तो बहुधा खराच असतो. दुपारी बाटलीत भरलेले पाणी खरोखरच मर्यादेत असते, कारण रात्रीचे पाणी तोवर खाजनात पोहोचलेले असते. सेकंदाला 30 सेंटीमीटर, म्हणजे अगदी रमतगमत वाहणारे पाणी तासाला साधारण 1 किलोमीटर पुढे जाते. मध्यरात्री सोडलेला लोंढा पहाटे तुमच्या पुलाखालून निघून गेलेला असतो. प्रयोगशाळा कितीही उत्तम असली तरी तिच्याकडे आलेल्या बाटलीत जे नाही ते ती दाखवू शकत नाही. म्हणून झटपट चाचणीचे पहिले काम मी असे मानते: बाटली कुठे आणि किती वाजता भरायची हे कळणे. पाण्यात नेमके कोणते रसायन आहे हे शोधायला तिला जुंपले की फसगत होते.

ऑनलाइन मिळणाऱ्या 'एका पट्टीत 16 चाचण्या' छापाच्या पट्ट्यांवर वर्गणी घालवू नका. टाकीच्या नाहीतर माशांच्या काचपेटीच्या पाण्यासाठी त्या ठीक आहेत. गढूळ, तांबूस पाण्यात त्यांचे रंग वाचणे कठीण, आणि शिसे किंवा पारा दाखवण्याचा त्यांचा दावा तर मी कधीच धरून चालत नाही. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. इतक्या बारीक प्रमाणाला कागदाची पट्टी पुरी पडत नाही.

पहिली वस्तू घ्या ती वाहकता मोजणारा मीटर. वाहकता म्हणजे पाण्यातून वीज किती सहज वाहते ते; विरघळलेले क्षार वाढले की ती वाढते. दुकानदार त्याला कंडक्टिव्हिटी मीटर म्हणतो. पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकणारे जो टीडीएस पेन दाखवतात तो याचाच धाकटा भाऊ, पण आकडा सरळ मायक्रोसीमेन्समध्ये, म्हणजे वाहकतेच्या एककात, दाखवणारा मीटर घ्या आणि त्याच्यासोबत 1413 मायक्रोसीमेन्सचे प्रमाण-द्रावण घ्या. मीटर खरे सांगतो आहे का, हे दर आठवड्याला त्या द्रावणात बुडवून पाहायचे.

गोव्यात या साध्या मीटरचे इतके मोल का, ते इथल्या चिऱ्यात आहे. आपला जांभा दगड हजारो पावसाळ्यांत धुऊन निघालेला आहे. त्यातून झिरपून आलेल्या पाण्यात विरघळलेले क्षार फार थोडे असतात. वरच्या अंगाच्या, माणसाचा हात न लागलेल्या झऱ्याची वाहकता अनेकदा 100 मायक्रोसीमेन्सच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरते. कारखान्याचे सांडपाणी मात्र बहुतेक वेळा खारट असते. आम्ल घालून, मग चुना किंवा कॉस्टिक घालून ते उदासीन करतात आणि त्या प्रत्येक पायरीला क्षार वाढतात. वस्तीचे सांडपाणीही कित्येक पटींनी खारट असते. त्यामुळे 90 वर स्थिर असलेला आकडा रात्री दोन वाजता 400 वर गेला, तर काय आले ते कळले नाही तरी काहीतरी आले हे नक्की कळते. दोघांनी टॉर्च आणि मीटर घेऊन व्हाळाच्या कडेने वर चढत जायचे. प्रत्येक ओहोळ मिळतो तिथे वरच्या आणि खालच्या बाजूला मीटर बुडवायचा. दोन फाटे मिळतात तिथे एका फाट्यात आकडा पुन्हा 90 वर आला, तर दुसऱ्या फाट्यातून ते पाणी आले. खासगी कुंपणात शिरू नका. सार्वजनिक रस्त्याच्या मोरीपर्यंत माग लागला तरी पुष्कळ झाले.

आता भरतीचे. फोंडा तालुक्यातले व्हाळ शेवटी मांडवीला, जुवारीला किंवा त्या दोघींना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्याला मिळतात, आणि भरतीचे खारे पाणी तिथून पुष्कळ आत येते. समुद्राच्या पाण्याची वाहकता 50,000 मायक्रोसीमेन्सच्या घरात असते. मानशीच्या जवळ मीटर बुडवला तर तुमचे 90 आणि 400 त्यात कुठच्या कुठे हरवतात. म्हणून मोजण्याची कायमची जागा खाऱ्या पाण्याच्या वर निवडा, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणातही जिथे भरती पोचत नाही अशी. भरती-ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे 'रोज सकाळी सात वाजता' हा नेम खाजनाच्या पाण्याला लागू पडत नाही. खाली मोजायचेच असेल तर घड्याळाची वेळ आणि ओहोटीची वेळ दोन्ही लिहा.

दुसरी वस्तू पीएच, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकते (7 च्या खाली) की अल्कलीकडे (7 च्या वर) ते सांगणारा आकडा. तिथेही जांभा आडवा येतो. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक 6.5 ते 8.5 सांगते. गोव्यातल्या चिऱ्यातल्या कित्येक विहिरींचे पाणी कोणीही काहीही न टाकता याच्या खाली असते. 5.8 आकडा पाहून 'आमच्या विहिरीत ॲसिड सोडले' म्हणत ग्रामसभेत उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत. कारखान्याचा संशय घेण्याआधी वरच्या अंगाची एक विहीर मोजा. दोन्हीकडे 5.8 असेल तर तो दगडाचा स्वभाव आहे. लोहाचेही तसेच. तांबड्या पाण्यात लोह दिसणारच. ढवळलेल्या चिखलातले आणि पाण्यात विरघळलेले लोह वेगळे करायला नमुना आधी गाळावा लागतो, किटची पुस्तिका सहसा हे सांगत नाही. खाणपट्ट्यात, डिचोली-सत्तरी-सांगे-धारबांदोड्याकडे, गाळणीशिवाय केलेल्या लोहचाचणीला मी किंमत देत नाही.

मासे मरतात म्हणता, म्हणून तिसरी गोष्ट विरघळलेला ऑक्सिजन. 28 अंशांच्या गोड्या पाण्यात तो लिटरला जास्तीत जास्त 7.8 मिलिग्रॅमच्या आसपास मावतो. मासळीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत निदान 4 मिलिग्रॅम हवा. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडते, रात्री तेच शेवाळ तो वापरते, त्यामुळे सर्वांत खालचा आकडा सूर्योदयाच्या थोडा आधी मिळतो. दुपारी बारा वाजता घेतलेल्या मोजणीने मेलेल्या माशांबद्दल काहीच कळत नाही. ऑक्सिजनचा चांगला मीटर महाग असतो आणि त्याची निगाही ठेवावी लागते. त्यापेक्षा विंकलरची जुनी रीत शिका. 1888 सालची ही पद्धत आजही आमच्या प्रयोगशाळेत मीटर पारखायला वापरतात. काचेच्या बुचाच्या बाटलीत बुडबुडा न येऊ देता पाणी भरायचे, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड तिथल्या तिथे घालायचे. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे. साका पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. पुढचे मोजमाप कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात काही तासांनी केले तरी चालते.

मेलेले मासे स्वतःही बरेच सांगतात. ऑक्सिजन संपून मेले असतील तर आधी ते पाण्याच्या वर तोंड काढून हापापताना दिसतात आणि मोठे मासे आधी जातात. कीटकनाशक असेल तर सुंगटे (कोळंबी), कुर्ल्या (खेकडे) आणि बारकी पिल्ले आधी जातात, मोठे मासे मागून. सगळे लहानमोठे एकदम आणि थोड्याच अंतरात मेले असतील तर तीव्र विषाचा संशय घ्या. आणखी एक शक्यता सांगते, ती ऐकायला आवडणार नाही. मासे पकडण्यासाठी कोंडीत ब्लीचिंग पावडर किंवा कीटकनाशक टाकणारे लोक आपल्याच गावांत असतात. क्लोरीन उन्हात काही तासांत उडून जातो, त्यामुळे मेलेले मासे दिसताक्षणी व्हाळाचे थोडे पाणी नळीत घेऊन त्यात क्लोरीन तपासायची गोळी टाकून पाहा. नळाचे पाणी तपासायला पंचायतीकडे असते तीच. नळीतले पाणी गुलाबी झाले तर कारखान्याकडे बोट दाखवण्याआधी गावात चौकशी करा. खरी तक्रार करायची तर आपली बाजू आधी तपासून घ्यावी लागते.

अमोनियाची किट घ्या, पण तिचा आकडा एकटा वाचू नका. माशांना मारतो तो पाण्यातला मुक्त अमोनिया, आणि एकूण अमोनियातला किती भाग मुक्त आहे हे पीएचवर ठरते. 28 अंशांना पीएच 7 असेल तर शेकडा एकाहूनही कमी, 8 असेल तर साधारण शेकडा 6 ते 7, आणि 9 असेल तर शेकडा 40 च्या आसपास. म्हणजे तोच 5 मिलिग्रॅमचा आकडा एका दिवशी मासे सहन करतात आणि कॉस्टिकचे पाणी मिसळले त्या दिवशी मरतात. सॅलिसिलेट पद्धतीची किट मागा. दुसऱ्या, नेसलर पद्धतीच्या किटमधल्या द्रावणात पारा असतो. ते वापरून झाल्यावर व्हाळातच ओतणारे प्रदूषण-विरोधी कार्यकर्ते पाहून मला फार वाईट वाटते. कोणत्याही किटचे वापरलेले द्रावण एका कॅनमध्ये साठवा आणि प्रयोगशाळेला द्या.

सीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते मोजणारी, झटपट नळी तुम्हाला कोणीतरी विकायचा प्रयत्न करील. त्यात 150 अंशांवर दोन तास तापवावे लागते, आणि क्लोराइड लिटरला 2000 मिलिग्रॅमच्या वर गेले की आकडा फसवा होतो. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 19,000 मिलिग्रॅमच्या आसपास असते. मानशीखालच्या पाण्याचा सीओडी दाखवून कोणी आरोप केला किंवा खोडला, दोन्हींकडे दुर्लक्ष करा.

आता जैविक चाचणी. या एका नावाखाली अगदी वेगळी कामे येतात.

पहिले काम, पाण्यात मैल्याचे जंतू आहेत का हे पाहणे. पंचायतीकडच्या किटमधली काळी पडणारी बाटली यासाठी असते. ही पद्धत आपल्याच देशातली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी ती 1982 मध्ये प्रसिद्ध केली आणि नंतर ती अनेक देशांत वापरली गेली. मैल्यातले जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू करतात, बाटलीतल्या लोहाशी त्याचा संयोग होऊन पाणी काळे पडते. याला 24 ते 48 तास लागतात. जंतूंना वाढायला वेळ लागतो, त्यात घाई चालत नाही, म्हणून 'दहा मिनिटांत ई. कोलाय' (मैल्यातला नेहमीचा जंतू) असे म्हणणाऱ्यापासून सावध राहा. खाजनाच्या कडेच्या विहिरींत मात्र एक खोच आहे. तिथल्या काळ्या चिखलातच सल्फाइड असते. पाणी ओतल्याबरोबर काही मिनिटांत बाटली काळी झाली तर तो चिखलाचा गुण. रात्रभर थांबून काळी झाली तर जंतूंचा. शंका राहिली तर ई. कोलायसाठीच बनवलेले रंग बदलणारे माध्यम वापरा. कोलिफॉर्म गटातले जंतू असतील तर ते 18 ते 24 तासांत पिवळे होते आणि त्यांत ई. कोलाय असेल तर अतिनील दिव्याखाली निळे चमकते. पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये, एवढा एकच आकडा विहिरीच्या मालकांना पाठ करून ठेवायला सांगा. चिऱ्याला भोके आणि भेगा असतात. शेजारच्या शोषखड्ड्यातले पाणी पावसाळ्यात त्यातून विहिरीत किती लवकर उतरते याची लोकांना कल्पना नसते.

दुसरे काम, पाणी जिवाला किती घातक आहे हे एखाद्या जिवालाच विचारणे. आपल्याकडे सांडपाण्याच्या नियमांत ही कल्पना आहेच: शंभर टक्के, पातळ न केलेल्या सांडपाण्यात 96 तासांनी शेकडा 90 मासे जिवंत राहिले पाहिजेत. पण चार दिवस म्हणजे झटपट नव्हे. अर्ध्या तासात उत्तर देते ती समुद्रातल्या प्रकाश देणाऱ्या जंतूंची चाचणी, ॲलिव्हिब्रिओ फिशेरी नावाच्या. हे जंतू स्वतःहून मंद निळसर उजेड देतात. नमुन्यात विष असेल तर त्यांचा श्वसनाचा व्यवहार बिघडतो आणि उजेड कमी होतो, तो किती कमी झाला हे यंत्र 5, 15 आणि 30 मिनिटांनी मोजते. जंतू सुकवून गोठवलेल्या कुपीत येतात. त्यांना 2 टक्के मीठ लागते, त्यामुळे आपल्या खाडीच्या पाण्यात ते बिथरत नाहीत. हा गोव्यासाठी मोठा फायदा आहे. तोटा असा की तांबडे, गढूळ पाणी उजेड स्वतःच अडवते आणि विष नसताना विष दिसते, म्हणून नमुना निवळून, रंगाची दुरुस्ती करून वाचावा लागतो. आणि ही चाचणी 'विष आहे' इतकेच सांगते, कोणते ते सांगत नाही. तरीही दहा बाटल्यांतून कोणत्या दोन महागड्या तपासणीला पाठवायच्या हे ठरवायला माझ्या मते याहून चांगले साधन नाही. हे यंत्र मंडळाने विकत घ्यायचे नाही. ज्या संस्थेत ते आहे तिथे नमुना न्यायचा.

तिसरे काम मला स्वतःला सर्वांत आवडणारे, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. व्हाळातले दगड उलटे करा. दगडाखाली किती प्रकारचे किडे चिकटलेले आहेत ते पाहा. चपटे, शेपटीला तीन लांब धागे आणि पोटाच्या कडेने हलणारे कल्ले असलेले किडे, दोन शेपट्यांचे किडे, वाळूच्या कणांचे घर करून राहणाऱ्या अळ्या, हे स्वच्छ, भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यात राहतात. लाल रंगाच्या बारीक अळ्या आणि गाळातले लाल धाग्यासारखे किडे खराब पाण्यातही टिकतात. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, थोडाच ऑक्सिजन असला तरी तो धरून ठेवणारा. ब्रिटनमध्ये यावरून 1 ते 10 गुण देण्याची पद्धत बसवली गेली आणि आपल्या केंद्रीय मंडळानेही ती इथल्या जिवांसाठी जुळवून घेतली. मीटर त्या क्षणाचे पाणी मोजतो. हे किडे मात्र महिनोन्महिने त्याच दगडाखाली राहतात. रात्री सोडलेले पाणी सकाळी वाहून जाते, पण मेलेले किडे एका दिवसात परत येत नाहीत. संशयित फाट्याच्या वर आणि खाली, सारखाच प्रवाह, सारखेच दगड, सारखीच सावली असलेल्या दोन जागा निवडा आणि दोन्हीकडे सारखाच वेळ शोधा. वर सात-आठ प्रकार आणि खाली फक्त लाल अळ्या, असे पुन्हा पुन्हा दिसले तर दुपारच्या नितळ बाटलीने त्याचे खंडन होत नाही. पावसाळ्याच्या पुरात सगळेच धुऊन जाते, म्हणून ही पाहणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. शाळेतली मुले हे काम मोठ्यांपेक्षा नीट करतात.

बाटल्यांविषयी थोडे, कारण इथे सर्वांत जास्त मेहनत वाया जाते. लोंढा आला त्या रात्री एकाच बाटलीत सगळे भरू नका. धातूंसाठी वेगळी बाटली, तिच्यात नायट्रिक आम्लाचे थेंब. तेलासाठी काचेची, रुंद तोंडाची. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत. बाकीची साधी, काठोकाठ भरून बर्फात. कोणत्या बाटलीत काय घालायचे ते प्रयोगशाळेकडून आधीच विचारून, बाटल्या आधीच आणून ठेवा, मध्यरात्री शोधाशोध नको. मेलेले मासे ॲल्युमिनियमच्या पन्नीत गुंडाळून बर्फात ठेवा, फॉर्मेलिनमध्ये बुडवू नका. सोबत ताजा गाळही घ्या, धातू पाण्यात दिसले नाहीत तरी गाळात साठतात. वास कुजक्या अंड्यासारखा असेल तर झाकलेल्या गटारात किंवा खड्ड्यात डोके घालू नका. तो वायू जास्त झाला की नाकाला वासच येईनासा होतो आणि माणूस कोसळतो.

तुमच्या आकड्यांना कायद्यात किती वजन? 1974 च्या जल कायद्यातल्या कलम 21 नुसार न्यायालयात चालणारा नमुना राज्य मंडळाने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने घ्यावा लागतो. मालकाला तिथल्या तिथे नोटीस, नमुन्याचे दोन भाग, सील, सही, असा तो विधी आहे. तुमची बाटली त्याची जागा घेऊ शकत नाही. पण तारीख, वेळ, भरतीची स्थिती, वाहकता, पीएच, फोटो आणि दगडाखालचे किडे यांची सलग वही घेऊन तुम्ही गेलात, आणि 'लोंढा बहुतेक शनिवारी रात्री अकरानंतर अमुक मोरीतून येतो' असे दाखवू शकलात, तर नमुना घ्यायला माणूस केव्हा पाठवायचा हे समोरच्या अधिकाऱ्याला ठरवता येते. दुपारी पाणी तपासून गेलेल्या माणसाशी भांडण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

गोव्याला ऑगस्ट 2022 मध्ये 'हर घर जल' प्रमाणपत्र मिळाले आणि पाणी तपासणीची किट गावांत पोचली, महिलांना तिचे प्रशिक्षण मिळाले. तुमच्या गावातल्या त्या महिलांना या कामात पहिल्या दिवसापासून घ्या. थेंब मोजणे, रंग जुळवणे, वेळ लावणे त्यांच्या हाताला बसलेले आहे, युवक मंडळातल्या मुलांना ते शिकायला महिना लागेल.

खरेदी करताना क्रम असा ठेवा: आधी वाहकता मीटर आणि प्रमाण-द्रावण, मग पीएच मीटर, मग विंकलरच्या बाटल्या, मग अमोनिया. पैसे उरले तर ई. कोलायचे माध्यम. पहिला महिना कोणावरही आरोप न करता नुसते साधे दिवस मोजा, पहाटे, दुपारी, रात्री, वर आणि खाली. साधा दिवस कसा असतो हे कागदावर नसेल तर वाईट रात्र ओळखू येणार नाही. मृगाचा पाऊस सुरू झाला की पहिल्या सरीने रस्त्यांवरचे आणि शेतातले सगळे एकदम व्हाळात येते, त्या आठवड्याचे आकडे वेगळ्या पानावर लिहा. महिनाभराच्या नोंदी झाल्या की मला दाखवा, कोणत्या बाटल्या पुढच्या तपासणीला पाठवायच्या ते वाचून सांगते.